पडद्याचा बाक

२० फूट त्रिज्येच्या वर्तुळाचा जेमतेम बारावा हिस्सा सध्या आमच्या बैठकीच्या खोलीत उभा आहे. टोकापासून टोकापर्यंत १० फूट, उंची सव्वाचार फूट आणि मधोमध साडेसात इंचांचा खळगा. अंगाने पांढरा, कडांना काळा. प्रोजेक्टर बंद असला की हे नेमकं काय आहे ते नव्या माणसाला कळत नाही. हळदीच्या सौद्यासाठी मोंढ्यात आलेले एक पाहुणे चहाला थांबले, बराच वेळ त्याच्याकडे बघत राहिले आणि बशी खाली ठेवत म्हणाले, ‘‘भिंत खचली का काय तुमची?’’

सिनेमाचा पडदा आहे, असं मी सांगितलं. पुढचा प्रश्न ठरलेलाच होता. ‘‘मग असा वाकडा कामून?’’

प्रश्न रास्त होता. सपाट पडदा बाजारात तयार मिळतो. तोही नको असेल तर भिंतीला पांढरा रंग मारून भागतं. पडद्याला बाक देण्यामागे काहीतरी सबळ कारण असलं पाहिजे, आणि सिनेमाच्या इतिहासात तशी कारणं आहेतही.

फ्रेड वॉलर नावाच्या अमेरिकी माणसाचं म्हणणं असं होतं की माणूस फक्त समोरचं बघत नाही. डोळ्यांच्या कोपऱ्यांतून जे अर्धवट दिसतं त्यामुळेच आपण एखाद्या जागी ‘आहोत’ असं वाटतं. दुसऱ्या महायुद्धात विमानांवरच्या तोफचींना सराव देण्यासाठी त्याने पाच प्रोजेक्टरांचं एक यंत्र बनवलं होतं. युद्ध संपल्यावर तीच कल्पना त्याने करमणुकीकडे वळवली. ३० सप्टेंबर १९५२ रोजी न्यूयॉर्कमध्ये ‘सिनेरामा’चा पहिला जाहीर खेळ झाला. तीन प्रोजेक्टर, शेजारी शेजारी पडणारी तीन चित्रं आणि १४६ अंशांत प्रेक्षकांना वेढणारा पडदा. इतका बाक दिला की एक अडचण येते. उजव्या टोकावरचा उजेड परतून डाव्या टोकावर पडतो आणि तिथलं चित्र पांढुरकं होतं. म्हणून तो पडदा सलग नव्हताच. हजाराच्या वर उभ्या पट्ट्या, प्रत्येक पट्टी प्रेक्षकांकडे तोंड करून किंचित वळवलेली. म्हणजे लांबून जो अखंड बाक दिसे तो जवळून पाहिला तर सगळ्या सरळ पट्ट्याच होत्या.

पुढच्याच वर्षी, १९५३ मध्ये, ‘द रोब’ या चित्रपटाबरोबर सिनेमास्कोप आलं आणि रुंद चित्रासाठी तीन प्रोजेक्टरांच्या खटाटोपाची गरज उरली नाही. आंरी क्रेत्यां या फ्रेंच संशोधकाने १९२० च्या दशकातच एक भिंग तयार केलं होतं. ते कॅमेऱ्यापुढे लावलं की रुंद दृश्य आडव्या अंगाने दाबलं जाऊन साध्या फिल्मवर मावतं, आणि प्रोजेक्टरपुढे तसंच भिंग लावलं की पुन्हा फाकतं. या भिंगाला एक खोड आहे. चित्राच्या वरच्या आणि खालच्या कडा मध्यभागी आत ओढल्या जातात. त्यातच त्या वेळच्या पडद्यांना धातूची चमक दिलेली असे. चकचकीत पृष्ठभागावरचा उजेड ठरलेल्या दिशेनेच परततो, त्यामुळे सपाट पडद्यावर मधला भाग झगझगीत आणि टोकं मंद दिसतात. पडद्याला हलकासा बाक दिला की कडांची चूक भरून निघते आणि टोकांचा उजेडही प्रेक्षकांकडे वळतो. एका औषधात दोन दुखणी बरी.

आपल्याकडच्या चित्रपटांत सिनेमास्कोप १९५९ मध्ये गुरुदत्तांच्या ‘कागज के फूल’ने आणलं. छायालेखक व्ही. के. मूर्तींनी तो रुंद अवकाश उजेडाच्या एकेका झोताने भरला. तेव्हा चित्रपट पडला, हेही सगळ्यांना ठाऊक आहे. १९७५ मध्ये ‘शोले’ आला तो ७० मिलिमीटरचा म्हणून. चित्रीकरण ३५ मिलिमीटरवरच झालेलं होतं, पुढे ते मोठं करून घेतलं होतं. मी तो पुष्कळ उशिरा पाहिला आणि साध्याच पडद्यावर पाहिला. ‘७० एमएम’ हे आमच्यासाठी पोस्टरवर वाचायचं प्रकरण होतं. वाचूनही छाती दडपायची, ही गोष्ट वेगळी.

आता आमच्या बैठकीचा हिशेब मांडू. माझ्या प्रोजेक्टरपुढे क्रेत्यांचं भिंग नाही. त्याची चौकट सरळ पडते. पडद्याचं कापड अजिबात चकचकीत नाही. त्यावर पडलेला उजेड चहूकडे सारखाच पसरतो. म्हणजे जी दोन दुखणी बरी करायला बाक निघाला त्यांतलं एकही आमच्या घरी नव्हतं. उलट बाकामुळे एक नवं जडलं. प्रोजेक्टर पडद्याच्या मध्यापासून १४ फुटांवर, छताला टांगलेला आहे. पडद्याची टोकं मध्यापेक्षा साडेसात इंच पुढे येतात, त्यामुळे तिथपर्यंत पोचताना झोत कमी फाकतो आणि टोकांशी चित्राची उंची शेकडा साडेचारने घटते. ५१ इंचांत सव्वादोन इंच. झोत वरून येत असल्याने ही सगळी घट खालच्या कोपऱ्यांत दिसते. तिथे चित्राची कड वर उचलली जाते आणि संपूर्ण सिनेमा खालच्या ओठाने हसतो. चित्र किंचित मोठं करून ते हसू खालच्या काळ्या पट्टीवर सांडू दिलं की कोणाच्या लक्षात येत नाही. पण ज्याला ठाऊक आहे त्याला ते दिसत राहतं.

तर मग वाकडा कामून? पाहुण्यांना मी सिनेमास्कोपची हकिकत सांगितली, कारण ती सांगायला सोपी होती. खरं कारण असं की मी शाळेत गणित शिकवतो. फळ्यावर वर्तुळ काढतो ते खांद्यापासून खडूपर्यंतच्या त्रिज्येचं. त्याहून मोठं वर्तुळ म्हणजे तोंडाने सांगायची गोष्ट. ‘समजा, त्रिज्या २० फूट आहे.’ मुलं समजतात. मीही समजतो. असं समजलेलं वर्तुळ एकदा तरी प्रत्यक्ष काढून बघावं, हात लावला तर हाताला लागेल असं, ही इच्छा बरीच जुनी होती. सिनेमाचं निमित्त मिळालं.

मिस्त्रींना बोलावलं. आमच्या वसमतमध्ये त्यांचं काम आता चौकटी, पलंग आणि स्वयंपाकघरातल्या कपाटांचं. त्यांच्या वडिलांचं काम मात्र चाकांचं. मी कागदावर बाक काढून दाखवला. त्यांनी कागद दोनदा फिरवून बघितला आणि म्हणाले, ‘‘सर, हे तर चाकाचंच काम हाय. नुसतं चाक लई मोठं हाय.’’

मला हे सुचलं नव्हतं. बैलगाडीच्या लाकडी चाकाचा घेर एका लाकडातून कधीच निघत नाही. मध्ये तुंबा, त्यातून निघणारे आरे, आणि आऱ्यांच्या टोकांवर बाक दिलेले पुठ्ठे, एकाला एक जोडून घेर पुरा करायचा. त्यावर लोखंडी धाव तापवून चढवायची आणि पाणी ओतून आवळून घ्यायची. आमची अडचण हीच होती. प्लायचा तक्ता ८ फुटांचा आणि बाक १० फुटांचा. मिस्त्रींनी १८ मिलिमीटरच्या प्लायचे तुकडे पुठ्ठ्यांसारखे कापले आणि दोन थरांत एकमेकांवर बसवले. वरच्या थराचा सांधा खालच्या थराच्या सांध्यावर येऊ द्यायचा नाही, एवढाच नियम. असे दोन बाक, एक वरचा आणि एक खालचा, मध्ये उभ्या पट्ट्या. टायरच्या गाड्या आल्या, चाकाचं काम बसलं, आणि मिस्त्रींना वडिलांचं काम प्लायवर करायची वेळ आली ती एका मास्तरच्या हौसेपायी.

बाक आखायला २० फूट मोकळी जागा हवी. खाली एवढी खोली नाही, म्हणून गच्चीवर गेलो. स्लॅबमध्ये खिळा ठोकायचा तर पावसाळ्यात गळतीची भीती. मिस्त्रींनी एका फळीत खिळा ठोकला आणि फळी हलू नये म्हणून तिच्यावर आईचा पाटा ठेवला. सुतळी ताणली की लांबते, म्हणून बांधकामाची तार घेतली. तारेच्या एका टोकाला खिळा, दुसऱ्या टोकाला पेन्सिल. आईने कुरडया वाळत घातल्या होत्या. तार फिरली ती कुरडयांवरून, आणि प्रत्येक फेरीला आई ती दोन बोटांनी उचलून धरायची. प्लायवर रेघ उमटली. जवळून पाहिली तर सरळच वाटणारी, वाकून एका टोकाकडून डोळा लावला की मग बाक दिसणारी. मोठ्या वर्तुळाचं असंच असतं. त्याचा लहानसा तुकडा आपण वाकडे आहोत हे कबूल करत नाही.

तेव्हा मी अदमास घेतला की आपण खालच्या कोणत्या खोलीवर उभे आहोत. बाक बैठकीवर होता. तार बैठक ओलांडून मधल्या भिंतीपलीकडे गेली होती. खिळा, फळी आणि पाटा स्वयंपाकघराच्या डोक्यावर होते. म्हणजे आम्ही जो पडदा करत होतो त्याचं केंद्र बैठकीत नव्हतंच. ते ओट्याच्या आसपास कुठेतरी होतं. बाक ज्याच्याकडे तोंड करून उभा राहणार तो माणूस भिंतीआड भाकरी थापणार होता. त्या वेळी मी हे कोणाला बोललो नाही.

कापडासाठी फ्लेक्सच्या दुकानात गेलो. आपल्या कोणत्याही तालुक्याच्या गावी पांढऱ्या पृष्ठभागाचा सगळ्यात मोठा व्यापार तिथे चालतो. वाढदिवस, निवड, अभिनंदन, भावपूर्ण श्रद्धांजली. चौकातला मुक्काम संपला की तेच फ्लेक्स शेतात जातात. हळदीच्या ढिगावर, गोठ्याच्या कुडाला, कडब्यावर. वळवाच्या पावसात वाळत घातलेली हळद झाकायला किती नेत्यांचे चेहरे धावून आले असतील, त्याची नोंद कुठे नाही. मी कोरं फ्लेक्स मागितलं. छपाईचं यंत्र चालवणारा पोरगा थांबला.

‘‘कोरंच? काहीच छापायचं नाही?’’

‘‘काहीच नाही.’’

‘‘कोपऱ्यात फोटू तरी टाकू एखादा. तेवढ्याच पैशात होतो.’’

मागून काळं आणि पुढून चकाकी नसलेलं फ्लेक्स त्याने गुंडाळीवरून कापून दिलं. काळी पाठ हवी, कारण मग पांढऱ्यावर पडलेला उजेड मागे झिरपत नाही. रुंदी १० फूट असली तरी बाकावरून मोजली तर सव्वा इंचाहून थोडी जास्त भरते, तेवढं कापड वाढीव घेतलं. वरच्या आणि खालच्या काठाला रिंगा मारून घेतल्या.

यापुढचा भाग मला सगळ्यांत आवडला. कापड ताणायचं कसं? आपला हात आधी दोन्ही बाजूंना जातो. पलंगावर चादर टाकताना जातो तसाच. पण आतल्या बाजूला खोल गेलेल्या बाकावर कापड डावी-उजवीकडे ओढलं तर ते बाक सोडून देतं. दोन टोकांमधला जवळचा रस्ता सरळ असतो आणि ताणलेल्या कापडाला तोच रस्ता ठाऊक असतो. ते पोट पुढे काढून उभं राहतं आणि मागे प्लायचा बाक एकटा पडतो. म्हणून बाजूंना कापड नुसतं टेकवायचं आणि सगळा ताण वर-खाली द्यायचा. वरच्या बाकातून खालच्या बाकात जाणारी प्रत्येक उभी रेघ सरळच असते. तिला सरळ राहू दिलं की अशा सरळ रेघा शेजारी शेजारी उभ्या राहून आपोआप बाक होतो. मिस्त्रींनी रिंगांतून दोरी ओवली, वरून खाली आवळत गेले, आणि मधल्या रिंगेपासून सुरुवात करून दोन्ही टोकांकडे सरकत गेले. सुरकुत्या एकेक करून बाहेर निघाल्या. सिनेरामाच्या पट्ट्या मला तेव्हा समजल्या. हिशेब वेगळा होता, पण तिथेही सरळ गोष्टींनीच बाक धरला होता.

दुपारी चहाच्या वेळी मी मिस्त्रींना कोल्हापूरची गोष्ट सांगितली. बाबूराव पेंटर म्हणून जग ज्यांना ओळखतं ते मूळचे बाबूराव कृष्णराव मेस्त्री. ते आणि त्यांचे चुलतभाऊ आनंदराव नाटक मंडळ्यांचे पडदे रंगवत. फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ १९१३ मध्ये आला आणि दोघांना सिनेमाने झपाटलं. सिनेमा करायचा तर कॅमेरा हवा. तो विकत घेण्याची ऐपत नव्हती, तेव्हा घरीच करायचा ठरला. आनंदराव १९१६ मध्ये वारले. बाबूरावांनी विष्णुपंत दामल्यांच्या मदतीने १९१८ च्या सुमारास तो पुरा केला, आणि त्यांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीने त्या गावठी यंत्रावर सिनेमे काढले. मिस्त्रींनी सगळं ऐकून घेतलं. त्यांना एकाच गोष्टीत रस होता. ‘‘मेस्त्री म्हंजी सुतारच ना?’’ मी म्हटलं, घरात सुतारकी, लोहारकी, चित्रकला सगळंच होतं. ‘‘मग जमणारच की,’’ असं म्हणून ते उठले आणि पुन्हा दोरी आवळायला लागले. सिनेमाच्या इतिहासाची पुस्तकं या वाक्यापाशी एवढ्या सहजतेने पोचत नाहीत.

पडदा उभा राहिला आणि आईने पहिल्यांदा त्याला मागून बघितलं. भिंत आणि पडदा यांच्या फटीत डोकं घालून म्हणाली, ‘‘मागून काहीच दिसत न्हाई की.’’

मागून कशाला दिसायला हवं, असं मी विचारलं. तिने सांगितलं ते असं. तिच्या माहेरी जत्रेत सिनेमा यायचा. मैदानात दोन बांबूंवर पांढरं कापड बांधायचे. मशीन एका बाजूला. पुरुष मशिनीच्या अंगाला बसायचे आणि बायका-पोरी पलीकडे. पातळ कापडातून उजेड आरपार यायचा आणि पलीकडूनही सगळं दिसायचं, फक्त उलटं. नावं वाचता यायची नाहीत. वाचता येणाऱ्याही कमीच होत्या, त्यामुळे त्याचं कोणाला वाईट वाटलं नाही. ‘‘पर आमाला समदे हिरो डावरेच वाटायचे. तलवार डाव्या हातात, जेवायचे डाव्या हातानं. म्या म्हणायची, मुंबईचे लोक डाव्या हातानं जेवतेत जणू.’’ वारा सुटला की कापडाला पोट यायचं आणि हिरॉइनचं तोंड सुजायचं. वारा फिरला की तेच तोंड आत ओढलं जायचं. म्हणजे बाकाचा पडदा आईने माझ्या कितीतरी आधी पाहिला होता, आणि तोही दोन्ही दिशांनी वाकणारा.

मी तिला माझ्या पडद्याच्या केंद्राची गोष्ट तेव्हा सांगितली. गच्चीवरचा पाटा, खाली ओटा, आणि हा सगळा बाक तुझ्याकडे तोंड करून उभा आहे, असं. सांगताना मला ते फार सुंदर वाटत होतं. तिने शांतपणे ऐकलं आणि म्हणाली, ‘‘मधी भित हाय ना पर.’’ मग थोडं थांबून, ‘‘ते केंद्र तुमचं तुमच्याजवळच ठिवा. मला हितं खुर्ची टाका आन सैपाकाचं तुम्ही बघा.’’

भूमितीचं हे उत्तर मला कोणत्याही पुस्तकात सापडलं नसतं. वर्तुळाच्या केंद्राला मान असतो, हे मी गृहीत धरलं होतं. केंद्रापासून सगळं सारख्या अंतरावर असतं, एवढंच गणित सांगतं. तिथून दिसतं की नाही, तिथे बसलेल्याचे हात रिकामे आहेत की नाही, हे घर ठरवतं. तिची खुर्ची आता पडद्यासमोर, जराशी डावीकडे असते. शनिवारी खिचडी माझ्याकडे. केंद्रात उभं राहून मला दाराच्या चौकटीतून पडद्याचा उजवा कोपरा दिसतो, आणि त्यावरून कोण मेलं, कोण वाचलं याचा अंदाज बांधावा लागतो.

हळदीच्या दिवसांत पडद्याचं एक काम वाढतं. २०२४ मध्ये वसमत हळदीला भौगोलिक मानांकन मिळालं, त्याचा गावाला आनंद झाला. पण हळद शिजायला, वाळायला आणि ढोलात पॉलिश व्हायला लागली की तिची भुकटी मानांकनाची वाट न बघता घराघरांत शिरते. उन्हात हळदीचा डाग फिका पडतो, हे प्रत्येक घरच्या बाईला ठाऊक असतं. पडद्याची खोली मात्र मुद्दाम अंधारी ठेवलेली. ओल्या फडक्याने पुसलं तरी एखादी पिवळट छटा उरतेच. मग हिमालयातला बर्फही आमच्याकडे किंचित वसमतचा दिसतो. मला त्याचं काही वाटेनासं झालं आहे.

या वर्षी गल्लीतल्या गणेश मंडळाची पोरं आली. एलईडी भिंतीचं भाडं परवडत नाही, म्हणून प्रोजेक्टरवर सिनेमे दाखवायचे होते. पडदा माझ्यासारखा, वाकडा हवा होता, ‘‘सर, एकदम थिएटरवाणी.’’ मिस्त्री तयार होते, फ्लेक्सवाला कोरं फ्लेक्स फुकट द्यायला तयार होता. मी नको म्हटलं. रस्त्यावर कोण कुठे बसेल हे ठरलेलं नसतं. टोकाच्या ओट्यावरून, समोरच्या गच्चीवरून, उभ्या ट्रॅक्टरवरून लोक बघणार. त्यांतल्या बहुतेकांना बाकाचं पुढे आलेलं टोकच आडवं येईल. शिवाय काळ्या पाठीचं फ्लेक्स लावलं तर निम्म्या रस्त्याला काहीच दिसणार नाही. पातळ पांढरं कापड घ्या, सपाट ताणा, आणि इथे मात्र चारही बाजूंनी ओढा.

पोरांनी माप लिहून घेतलं. निघताना त्यांनी आईलाही बोलावलं, ‘‘आजी, या बरं का सिनेमाला.’’

‘‘येते की,’’ आई म्हणाली. ‘‘पर औंदा बायांना मशिनीच्या अंगाला बसवा. गड्यांना बघू द्या एकदा डाव्या हाताचा हिरो.’’